माकडाएवढा बेडूक

३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बेडकांच्या खोलीसाठी तू रंगवलेली पाटी पोचली आणि मी डोक्याला हात लावला. डावीकडे माझा केशरी बेडूक, उजवीकडे केशरी माकड, आणि दोघं एकाच मापाचे! अगं, बेडूक माझ्या नखाएवढा आहे. दोघांचा रंग एक, दोघांतही बाप पिल्लं पाठीवर वाहतो, एवढंच साम्य दाखवायचं होतं. प्राणिसंग्रहालयाचे साहेब आधीच म्हणतात, बेडूक बघायला कोण येतं? महिनाभरात माणसं फिरकली नाहीत तर माझी बेडकांची खोली माकडांना जाणार. बारा वर्षांची मेहनत! आता लोक मला लबाडही म्हणणार.

राग निवळला की लोभ आहेच, तुझाही असू दे.

तुझा भाऊ


९ मार्च

चि. बेडकास, अ. आ.

तू पाठवलेले दोन्ही फोटो एकाच आकाराचे होते. माप कुठे लिहिलं होतंस? मी दुकानांच्या पाट्या रंगवते, मोठं दिसलं की गिऱ्हाईक खूश. आणि साहेबांपुढे मूग गिळून बसतोस, तो राग माझ्यावर का? लहानपणापासून हेच. त्यांच्याशी बोल एकदा.

जेवत जा. माया आहे म्हणूनच ओरडते.

ताई


२८ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

वैताग आलाय. नाइलाजानं तुझी पाटी तशीच लावली, तर माणसं रोज झुंडीनं येतात, मोठा बेडूक कुठंय विचारतात. काचेला नाक लावून शोधतात, मग माझ्यावर डाफरतात.

काल एका आजींनी तो स्वतःच शोधला, पाठीवर पिल्लू घेतलेला. त्यांनी बोटानं दाखवला, तशी सगळी खोली काचेभोवती जमली. मग मी अर्धा तास बोललो, मी! साहेब दारात उभे होते. म्हणाले, खोली राहील, पाटीही अशीच राहू दे. मी तोंडावर सांगितलं, पाटी खोटी आहे, अशी राहणार नाही. ते बरं म्हणाले.

तेव्हा पाटी परत पाठवतोय, मोठ्याशेजारी एक खरा, नखाएवढा काढ. खाली लिही: एवढाच आहे, शोधा.

घाई कर, आणि लोभ ठेव.

तुझा भाऊ


६ एप्रिल

चि. बेडकास, अ. आ.

काढला एकदाचा. सात वेळा पुसला, कुंचल्याचे दोनच केस ठेवून रंगवला, मान धरली. पाठीवरचं पिल्लू तर भिंगातून काढलं. तीस वर्षांत इतकं लहान काही रंगवलं नव्हतं. तू बारा वर्षं काय बघत बसतोस, ते आज कळलं. कधी विचारलं नाही, चुकलंच माझं.

रविवारी येते. मला दाखवू नकोस, मी शोधेन.

ताई