अश्वजितचं ‘हो जी’

३ फेब्रुवारी
नाही, मी धरन्यावर बसली नाही. कायले बसू? भंडाऱ्याले कलेक्टर हापिसासमोर मंडप, माईक, फोटोवाला – अन् पोरगा तिकडे परमुलखात जेलात. परसराम हवालदार, फौजेतून रिटायर झालेला, म्हने, “काकू, तुमी आल्या तं पेपरात येईल.” म्हनलं, पेपरानं कुलूप उघडते का?

माह्या अश्वजितनं फौजेतल्या साहेबाचं कुत्रं धुवायले नकार देल्ला. हुकूम मोडला म्हने. फौजेच्याच कोर्टानं एक वर्ष जेल देल्ली, नोकरीही गेली. कागदावर लिहून आहे – गुन्हा कबूल. अर्ध्या घंट्यात केस खतम.

५ फेब्रुवारी
एकटीचा भात मोजून टाकता येत नाही अजून. उरतेच.

११ फेब्रुवारी
नागपूरले वकीलबाईकडे गेली. पोरीएवढी आहे, पन फालतू बोलत नाही. म्हने, “मावशी, कबूल केलं तरी फौजीचे हक्क जात नाहीत. कबुलीचा अर्थ त्याला आधी समजावावा लागतो, मग त्याची सही लागते. इथं सहीच नाही. पण तो कबूल का झाला असेल?”

मी लगेच सांगतलं. आमच्याकडे मोठ्या मानसानं काही म्हटलं का “हो जी” म्हनतेत. ऐकलं जी, एवढंच. कबूल नाही होत कोनी त्यानं. मीच शिकवलं त्याले, थापड मारून. साहेबानं इचारलं असन, हा म्हनला असन हो जी. घेतलं लिहून.

कोर्टात अर्ज टाकाची उद्या शेवटची तारीख, जेलातली भेट अजून लांब. बाईनं माह्याच नावानं या ‘हो जी’चं शपथपत्र केलं. सही केली.

१२ फेब्रुवारी
कागद कोर्टात गेला. शेजारच्या गिरजाबाईले सांगाले गेली, तिचा टीव्ही जोरात चालू. वापस आली.

२४ फेब्रुवारी
दोन दिवस रेल्वेत. जाळीतून भेट. वाळला पोरगा. म्हनलं, घाबरू नको, तुह्या ‘हो जी’चं मी कोर्टाले समजावून देल्लं.

तो म्हने, “माय, मी हो जी म्हटलंच नाही. नाही म्हटलं. दोनदा. कबूल त्याईनं आपल्या मनानं लिहिलं.”

मंग म्हने, “तुले कोनं सांगतलं, मी हो म्हटलं म्हनून?”

शिपायानं टाइम झाला म्हटलं. बरं झालं.

२७ फेब्रुवारी
वकीलबाईले फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हने, “मावशी, तो हो म्हणाला हे त्यांच्या कागदावर होतं. आता त्याच्या आईच्या कागदावरही आहे.”

परसराम दारात येऊन उभा, भेट कशी झाली इचारून राहिला. सांगत नाही. इथंही यापुढचं लिहीत नाही.