सगळ्या खोल्या भरल्या आहेत

मुराकामी, १४ जानेवारी १९५६

चि. सौ. मित्सुए हीस, अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. गुडघ्यानं थंडीत संप पुकारला आहे. तुझ्या युनोसावाच्या विश्रामगृहातल्या गरम पाण्याच्या कुंडात तो बुडवायला यायचं दरवर्षी ठरतं आणि राहतं. तू मला थापाड्या म्हणतेस ते काही खोटं नाही. यंदा माझ्याऐवजी सूनबाईला, सायोला, पाठवतो आहे.

शिंकिचीच्या लग्नाला तू बर्फाचं निमित्त सांगून आली नाहीस, तेव्हा सायोचं तोंड तू पाहिलेलं नाही. त्यांचं बाळ तापानं गेलं ते तुला कळवलंच होतं. तेव्हापासून ती घरातलं सगळं काम मुकाट्यानं करते, पण वाडग्यातला भात तसाच राहतो. मागच्या आठवड्यात शिंकिचीला ती बंदराच्या धक्क्याच्या अगदी टोकाशी उभी दिसली. विचारलं तर म्हणाली, वारा खात होते. जानेवारीत आमच्या समुद्रावर वारा कोण खातं, बाई! मला भीती वाटते, मित्सुए. तिला एकटी सोडू नकोस. घरात बाळाची जागा रोज डोळ्यांसमोर असते. तुझ्याकडे थोडे दिवस राहिली तर जगेल, असं मला वाटतं.

पोरगी भिडस्त आहे. तहान लागली तरी पाणी मागणार नाही. पाहुण्याला काही मागायची वेळ येऊ न देणं हा तर तुझा धंदाच, म्हणून तर तुझ्याकडे पाठवतो. शिंकिची बोटीवर आणि मी लंगडा, म्हणून ती एकटीच येईल. बुधवारी निघेल. तुला पत्र टाकलंय, आत्याबाई वाट पाहतील, असं तिला सांगितलं आहे. बरोबर आपल्या घरचा खारवलेला सामन मासा देतो आहे.

माझ्यावर जी माया करतेस तिच्यातली थोडी या पोरीलाही दे.

तुझा,
तामोत्सुदादा

युनोसावा, २१ जानेवारी १९५६

ती. दादास, सा. न. वि. वि.

जिवंत आहेस ना? आठवडा झाला, वर टपालच आलेलं नाही. खाली ओंडके ओढून नेणाऱ्या माणसाच्या हाती हे पत्र देते आहे. आमच्याकडे छपरापर्यंत बर्फ आहे. सासूबाई मात्र अजून रोज कुंडाच्या पाण्यात कोपर बुडवून बघतात आणि मला बोल लावतात. गिऱ्हाईक म्हणशील तर एक म्हातारं जोडपं. बाकी खोल्यांत उंदीर राहतात, तेही फुकट.

गुरुवारी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. करडी शाल, हातात एक गाठोडं, वय पंचविशीचं, चेहरा धुऊन वाळत घातलेल्या कापडासारखा. एकटी. आमचा नियम तुला ठाऊकच आहे, हिवाळ्यात एकट्या बाईला खोली द्यायची नाही. सासूबाईंच्या तरुणपणी अशाच एकीला तुळईवरून खाली उतरवावं लागलं होतं. एकटी बाई पाण्यासाठी येत नाही, असं त्या म्हणतात. मला तिच्याकडे बघताच कळलं की ही त्यातलीच.

पण दादा, नकार कसा दिला ते ऐक. मागून नकार घ्यायचा म्हणजे माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. म्हणून मी तिला मागूच दिलं नाही. तिनं तोंड उघडायच्या आत गुडघ्यांवर बसून, जमिनीला कपाळ टेकवून म्हटलं की काय आमचं दुर्दैव, आज सगळ्या खोल्या भरल्या आहेत. पुलापलीकडे चांगलं विश्रामगृह आहे तेही सांगितलं. तिनं माझ्याकडे जरा पाहिलं, मग तीही माझ्याइतकीच खाली वाकली आणि तसदी दिल्याबद्दल माफी मागितली. सासूबाई सहसा कुणाची तारीफ करत नाहीत, पण त्यासुद्धा म्हणाल्या, आता तू खरी मालकीण झालीस.

जाताना बिचारी उंबऱ्याशी एक पुडकं ठेवून गेली. काल उघडलं तर खारवलेला सामन! आणि पोट आपल्याकडे करतात तसं, सलग न चिरता मधे पट्टी राखलेलं. मुराकामीचा मासा आता कुठेही मिळतो वाटतं. भाताबरोबर खाल्ला आणि तुझी फार आठवण आली.

गुडघ्याला जप. बहिणीची आठवण मासा न खाताही काढत जा.

तुझी,
मित्सुए

मुराकामी, २२ जानेवारी १९५६

चि. सौ. मित्सुएस, आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, म्हणजे सगळं ठीक असणार. तू फक्त तक्रारीला लिहितेस. शिंकिची कॉड मासे घेऊन परत आला आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोपला. सायोची आई तिच्यासाठी कापूस भरलेलं जाकीट शिवते आहे. सायोला सांग, घाई करू नकोस, इथे सगळं रांगेला लागलं आहे. जेवते का तेवढं कळव. बर्फ वितळेपर्यंत ठेवून घे, उपकार होतील.

तामोत्सुदादा

युनोसावा, २७ जानेवारी १९५६

ती. दादास, सा. न.

तार मिळाली असेल. तारेत मावलं नाही ते लिहिते.

मंगळवारी सगळं टपाल एकदम आलं. तुझं पहिलं पत्र वाचत सामनपर्यंत आले आणि पुढचं दिसेना. हे आणि गावातली माणसं तशीच निघाली. पुलापलीकडे ती पोचलीच नव्हती. पुलावर बर्फाचा कडा कोसळलेला होता. कोळसेवाल्यानं तिला गुरुवारी तिथे पाहिलं होतं आणि वरच्या विश्रामगृहात परत जा म्हणून सांगितलं होतं. वरचं म्हणजे आमचं. ती आली, दादा. पण दार वाजवलं नाही.

आमच्या कुंडाचं पाणी मागच्या उतारावर ओढ्यात पडतं, तिथे बर्फ धरत नाही. तिथे ती बसलेली सापडली. पाय पाण्यात होते. जोडे बाजूला नीट ठेवलेले, त्यांवर मोज्यांची घडी. पोलीस जमादारानं जोडे बघितले आणि आत्महत्या असं लिहून टाकलं. मी त्याच्याशी भांडले. पाण्यात पाय घालताना जोडे नीट काढून ठेवायचे, हे आपल्या आयांनी शिकवलेलं असतं. मरायला आलेली बाई पाय कशाला शेकेल?

माझं पत्र आता तुला मिळालं असेल. ते जाळ. सगळ्या खोल्या भरल्या आहेत याचा अर्थ तू नको आहेस असा होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुझं पत्र मला पोचलं आहे, असंच ती समजत होती. म्हणजे मी तिला ओळखून परत पाठवलं, असं समजून ती गेली. नाव सांगून मला लाजवायचं नाही, म्हणून गप्प राहिली असेल. रागावून दार लावलं असतं, तर तीही रागावून नाव सांगती.

सासूबाई म्हणतात, नियम बरोबरच होता. मी त्यांच्याशी बोलत नाही.

काय मागू तुझ्याजवळ?

मित्सुए

मुराकामी, ५ फेब्रुवारी १९५६

चि. मित्सुएस,

शिंकिची अस्थी घेऊन पोचला. आत्यानं जेवू घातलं, एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर गेला.

तुला दोष देत नाही, असं लिहायला बसलो आणि कागद फाडला. देतो असं लिहिलं, तोही फाडला. एकटी पाठवली मी. तार करायची ती पत्र टाकलं मी. आपल्या दोघांना पुरून उरेल एवढा दोष इथे आहे.

एक गोष्ट मात्र कळवायला हवी. सायोची आई आली होती. अस्थींच्या पेटीवरून हात फिरवत तिनं विचारलं, पोरीला गरम पाणी तरी मिळालं का? माझ्या तोंडून निघून गेलं की मिळालं. गेल्या गेल्या मित्सुएनं तिला कुंडात उतरवलं, ओढ्याकडची उबदार खोली दिली, दोन दिवस चांगली होती, मग पाय मोकळे करायला गेली आणि वाट चुकली. म्हातारी रडली, पण त्या रात्री जेवली म्हणे.

आता तिला तुझे आभार मानायचे आहेत. वाट मोकळी झाली की ती युनोसावाला येणार, मी नाही म्हणू शकलो नाही. सायो जिथे झोपली ती खोली तिला बघायची आहे. कुठली दाखवायची ते ठरवून ठेव.

तामोत्सु