मोईज तांबोळी याला काहीही न ठेवण्याबाबत

मी, भीमराज तुकाराम ओव्हाळ, वय वर्षे चौसष्ट, धंदा लग्नकार्याचे व्हिडिओ शूटिंग व एडिटिंग, राहणार रहाटणी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो ते असे. गुडघे गेले आहेत, साखर वाढली आहे, पण डोके जागेवर आहे. कोणी मला धाक घातलेला नाही की भुलवलेले नाही. "मत्सरापोटी लिहिताय का?" असे पत्नीने विचारले. त्यावर वकील बुद्धरत्न जोगदंड यांचे मत घेतले. मत्सर हा कायद्याने दबाव धरला जात नाही, असे ते म्हणाले. तेव्हा पुढे लिहितो.

१. रहाटणीतील दोन खोल्यांचे घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते माझ्या पश्चात पत्नी प्रभावती हिचे, आणि तिच्या पश्चात मुलगा सिद्धेश व मुलगी मिनल यांचे निम्मे निम्मे. बँकेतील ठेवही प्रभावतीचीच. तिने स्वतःच्या भाचीच्या मंगल परिणयाचे शूटिंग मला न देता मोईजला द्यायला लावले, कारण काय, तर त्याच्याकडे ड्रोन आहे. हे मी विसरलेलो नाही. तरीही घर तिचेच राहील.

२. खांद्यावर घ्यायचा मोठा कॅमेरा मिनलला द्यावा. तिला त्याचा काही उपयोग नाही. कपाटावर ठेवावा आणि नातवंडांनी विचारले तर सांगावे की आजोबा हा घेऊन चार चार तास उभे राहत.

३. आता मुख्य गोष्ट. चिंचवड स्टेशनजवळच्या माझ्या 'मैत्री व्हिडिओ' या दुकानात एक जुना संगणक आहे. त्यात २००६ साली घेतलेले एडिटिंगचे सॉफ्टवेअर आणि त्याच्यासोबत आलेले एक लाल कार्ड बसवलेले आहे. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. त्या संगणकात तीनशे अकरा लग्ने आहेत, कापलेले आणि न कापलेले सगळे चित्रण धरून. ती दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाहीत, मी करून पाहिले आहे.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जयसिंग यांनी दुकानात येऊन "हे डबडं भंगारात द्या" असे सांगितले होते. त्यांच्यासाठी लिहितो. शेजारच्या शालनबाई डोळस यांचे यजमान करोनात गेले. गेल्या वर्षी त्या विचारत आल्या, "भाऊ, ह्यांचा आवाज कुठं असंल का हो तुमच्याकडं?" त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या न कापलेल्या भागात सापडला. वाढप्याला ओरडून सांगत होते, "आरं, पोरींना आधी वाढ, बाप्ये थांबतील!" शालनबाईंनी ते सात वेळा लावायला सांगितले. सीडीत हा तुकडा नव्हता, कारण तो मीच कापला होता.

म्हणून या मशीनची देखभाल अशी करावी. इंटरनेटची वायर कधीही लावू नये. कोपऱ्यात कोणताही संदेश आला तरी 'नंतर' म्हणावे, आणि जन्मभर 'नंतर' म्हणत राहावे. लाल कार्ड वर्षातून एकदा काढून त्याची सोनेरी कड साध्या खोडरबराने पुसावी. हार्ड डिस्कची पूर्ण नक्कल दर धम्मचक्र दिनाला काढून ठेवावी.

४. वरील सर्व मला मोईजने शिकवले, हे लिहिणे भाग आहे.

मोईज मीरासाहेब तांबोळी, राहणार भोसरी, हा तेरा वर्षे माझा भागीदार होता. कॅमेरा माझा, लाइट त्याचा, स्कूटर दोघांची. नंतर त्याने भोसरीत वेगळे दुकान घातले. आमचे भांडण झाले नाही. झाले असते तर मला सोपे गेले असते. त्याच्या दुकानात एसी आहे. नवे सॉफ्टवेअर तो आठवड्यात शिकतो. माझ्याच वयाचा असून त्याचे केस काळे आहेत, आणि कलप लावलेला नाही, मी जवळून पाहिले आहे. माझी गिऱ्हाइके त्याच्याकडे जात आणि परत येऊन मलाच सांगत, "मोईजभाईंनी काय एडिटिंग केलंय राव!" माझ्या पोटात दुखत असे. अजूनही दुखते.

दोन वर्षांपूर्वी त्याने माझे अख्खे जुने मशीन एका डिस्कमध्ये उतरवून आणून दिले. नव्या लॅपटॉपच्या पोटात जुना संगणक चालतो म्हणे, सॉफ्टवेअरसकट. ती चालत असेल या भीतीने मी अजून लावून पाहिलेली नाही.

५. हे कलम सिद्धेशने नीट वाचावे.

जून २०१६ मध्ये माझ्या मशीनवर रोज एक चौकट येत होती, नवे विंडोज मोफत घ्या म्हणून. मोईजने बजावले होते, "भीमराज, ते घेऊ नकोस हां. तुझ्या लाल कार्डाचा ड्रायव्हर त्याच्यावर बसायचा नाही." त्याने स्वतःच्या तिन्ही मशीनवर मात्र ते घेतले होते. मला वाटले, हा मला मागे ठेवायला बघतो आहे. मंगळवारी, एकवीस तारखेला, दुपारी जेवण करून आलो आणि 'होय' दाबले.

संध्याकाळपर्यंत नवे विंडोज आले. दिसायला छान होते. सॉफ्टवेअर उघडेना. लाल कार्ड मशीनला दिसेचना. मागे जायचा प्रयत्न केला तर अर्ध्यात अडकले. आतली सगळी लग्ने गेली, असे मी धरून चाललो.

प्रभावती दुकानात आली आणि "काय झालं?" म्हणाली. त्या दिवशी सकाळी सिद्धेशने, वय बावीस, चाकणच्या कंपनीतल्या मुलाखतीसाठी याच मशीनवरून बायोडाटाची प्रिंट काढली होती. माझ्या तोंडून निघाले, "तुझ्या पोराला विचार." मुलाखत देऊन तो हसत आला होता. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "पप्पा, मी फक्त प्रिंट काढली. कायतरी विचारत होतं, मी ओके केलं." ती प्रिंटरची चौकट होती. मला माहीत होते. मी म्हणालो, "परत माझ्या मशीनला हात लावायचा नाही."

त्याने पुन्हा कधी लावला नाही. त्याला हा धंदा हवा होता. तो चाकणला कंपनीत लागला. त्यानंतर त्याने माझी दोनदा माफी मागितली आणि मी दोन्ही वेळा ती घेतली.

मशीन मोईजने चार दिवस बसून जिवंत केले. जुनी डिस्क शोधून आणली, जुने विंडोज टाकले, कार्ड चालू केले. काम करताना त्याच्यासमोर एक यादी आली. नवे विंडोज मंगळवारी दुपारी दोन चाळीसला टाकायला घेतले, असे त्यात लिहिले होते. सिद्धेश त्या वेळी चाकणला होता, हे मोईजला ठाऊक होते, कारण त्यानेच त्याला आपल्या गाडीवर सोडले होते. त्याने यादी पाहिली, माझ्याकडे पाहिले, चौकट बंद केली आणि म्हणाला, "चहा सांग." पुन्हा त्याने विषय काढला नाही. त्याने चारचौघांत माझी अब्रू काढली असती तर मी त्याला सुखाने शिव्या दिल्या असत्या. तेवढेही सुख त्याने मला दिले नाही.

तरी लिहून देतो की माझे मशीन माझ्या मुलाने बिघडवले नाही. ते मी बिघडवले, मोईजबद्दलच्या मत्सराने.

६. सबब दुकान, लाल कार्डाचे मशीन, सर्व नकला आणि न उघडलेली ती डिस्क सिद्धेशला मिळावी. ते चालवायला त्याने मोईजकडे शिकावे, कारण दुसऱ्या कोणाला ते येत नाही. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

७. मोईज तांबोळी याला मी काहीही ठेवत नाही. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, असा वकिलांचा सल्ला आहे. मोईजला काहीच मिळत नसल्याने तो साक्षीदार होऊ शकतो. मी विचारले तर लगेच हो म्हणाला.

८. वरील मजकूर प्रभावतीने वाचला आणि कागद माझ्यासमोर ठेवला. "हे मेल्यावर सांगणार? मग त्यानं भांडायचं कुणाशी?" म्हणाली. म्हणून काल, रविवारी, सिद्धेशला बोलावून कलम पाच मी स्वतः वाचून दाखवले. वाचताना दोनदा थांबलो. आता तोंडाने सांगून झाले, तेव्हा ते कलम खोडून टाकतो, असे मी त्याला म्हणालो.

"राहू द्या," तो म्हणाला. "मला लेखी पाहिजे." मग म्हणाला, "पप्पा, कंपनीत मला सगळे हसतात. कुठलंही बटण दाबायच्या आधी मी शेजारच्याला विचारतो, 'दाबू का?' दहा वर्षं झाली, विचारतोच आहे."

कलम पाच कायम ठेवले आहे.

मृत्युपत्र करून देणार: (सही) भीमराज तुकाराम ओव्हाळ

आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार:
१. (सही) मोईज मीरासाहेब तांबोळी, भोसरी
२. (सही) शालनबाई डोळस, रहाटणी

स्थळ: चिंचवड
दिनांक: २० एप्रिल २०२६