पासवाली पोरं मागं

६ जानेवारी, सोमवार

भर गाडीत! बदनापूरला उतरता उतरता सर्जेराव सर दारात थांबले आणि सगळ्या पॅसेंजरसमोर मोठ्यानं म्हणाले — "ताई, साक्षी मागच्या आठवड्यात धड दोन दिवस बी आली न्हाई शाळेत. वर्गशिक्षक म्हणून सांगतो. तुम्ही ड्युटी ड्युटी करून राह्यल्या, घरी बी बघा जरा." वर म्हणे, तिला समुपदेशक मॅडमकडं पाठवतो.

गळ्यात तिकिटाचं मशीन, हातात सुट्टे. काय बोलणार? मी 'हो सर' म्हणाले.

मला वाटत होतं ती दुसऱ्या गाडीनं जाते. सकाळी पोटात दुखतं म्हणते, मम्मी तू हो पुढं, मी मागून येते. आणि येतच नाही! जालन्यात क्वार्टर मिळालं तेव्हा मी म्हणाले होते, शाळा पण बदलू. तीच म्हणाली, नको, मैत्रिणी बदनापूरला आहेत, तुझी सकाळची फेरी तिकडंच असते. आता नववीतली पोर खोटं बोलायला शिकली. संध्याकाळी विचारलं तर भिंतीकडं तोंड करून झोपली.

नवऱ्याला, संघपालला, चाकणला फोन केला. तो म्हणाला, वय आहे, होईल ठीक. कंपनीत बसून सगळं ठीकच दिसतं!

७ जानेवारी, मंगळवार

समुपदेशक कशाला? माझी पोर वेडी आहे का?

मॅडमचं नाव महजबीन. इथंच जालन्यात, मस्तगडला राहतात. दोन-तीन शाळा आहेत त्यांच्याकडं, बदनापूरला मंगळवार-शुक्रवार असतात. येतात माझ्याच गाडीनं. म्हणून पहिल्या सीटवर माझी पिशवी टाकून त्यांना जागा धरली. बसल्या, शुक्रिया म्हणाल्या. तिकिटं झाल्यावर हळूच विचारलं, "आज साक्षीशी बोलणार ना? मंग मला सांगा काय ते."

"इथं नको ताई," म्हणाल्या. "गाडीत तुम्ही कंडक्टर, मी पॅसेंजर. शाळेत या, आरामात बोलू." आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

घ्या! सर्जेराव सर निदान तोंडावर बोलतात. ही बाई जागा घेते आणि तोंड बंद करते.

आज साक्षी आली गाडीला. ओढूनच आणली. मागं जाऊन बसली. माझा नियमच आहे — पासवाली पोरं मागं. कंडक्टरची पोर म्हणून तिला पुढची सीट दिली तर उद्या अख्खी गाडी माझ्याकडं बोट दाखवेल. हल्ली तोंडाला स्कार्फ गुंडाळते, डोळे तेवढे दिसतात. धूळ येते म्हणे. धूळ कसली, फॅशन!

८ जानेवारी, बुधवार

परत पोटात दुखतंय. ओवा चारला आणि ड्युटीवर गेले. काय करू? गाडी थांबवून ठेवू?

१० जानेवारी, शुक्रवार

साप्ताहिक सुट्टी. कपड्यांचा ढीग तसाच टाकून शाळेत गेले. मॅडमची खोली म्हणजे खेळाच्या सामानाची खोली — एका कोपऱ्यात लेझीम, एका कोपऱ्यात आम्ही दोघी.

"साक्षी बोलली माझ्याशी," म्हणाल्या. "पण काय बोलली ते मी न्हाई सांगणार. विश्वासानं सांगितलंय तिनं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली! नऊ महिने पोटात मी वागवली, आणि दोन मंगळवारची ओळख नाही ती बाई मला सांगते, न्हाई सांगणार! मी तसं म्हणालेसुद्धा. त्या चिडल्या नाहीत. "तिच्या जिवाला काही असतं तर त्याच मिनिटाला सांगितलं असतं. थोडा वेळ द्या. तीच सांगेल तुम्हाला. ते तिनंच सांगणं बराबर आहे."

मग उलट मलाच प्रश्न. ती घरात जास्त कधी बोलायची? मी म्हणाले, मी भाकरी थापताना ओट्याजवळ येऊन बडबड करायची. "मंग रोज भाकरी थापताना तिला जवळ बसवा. शाळेचं काही विचारू नका. नुसतं बसवा."

नुसतं बसवा! याचा पगार मिळतो?

१३ जानेवारी, सोमवार

आज तर हद्द झाली. आमचे ड्रायव्हर कचरूभाऊ — चार वर्षं झाली आमची ड्युटी एकत्र. माणूस रिटायर व्हायला आला. शेतातली मोसंबी आणतात दर हंगामाला, पहिली पिशवी साक्षीची. ती मामा मामा करत त्यांच्या मागं फिरायची. आज त्यांनी स्टँडवर पिशवी पुढं केली तर ही दोन पावलं मागं सरकली. "मला नको." मामा नाही, काही नाही. आणि पळत जाऊन गाडीत बसली.

कचरूभाऊ हातात पिशवी धरून तसेच उभे. "काय झालं वं बाई लेकराला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे त्या मॅडमनंच भरवलंय डोक्यात! आधी बोलत नव्हती, आता माणसं पण तोडायला लागली.

१४ जानेवारी, मंगळवार

पहिल्या सीटवर पिशवी टाकून जागा धरलेली. महजबीन मॅडम चढल्या, सीटकडं पाहिलं, "आज मागं बसते ताई" म्हणाल्या आणि सरळ मागं गेल्या. मागं म्हणजे कुठं? रोज अपडाउन करणाऱ्या मास्तर लोकांच्या घोळक्यात! सर्जेराव सर आणि त्यांची मंडळी शेवटची लांब सीट धरून बसतात, हसणं-खिदळणं चालू असतं. त्यांच्याच पुढ्यात जाऊन बसली ही बाई.

माझी पिशवी तिची वाट बघत बदनापूरपर्यंत गेली. चूक माझीच. जागा धरायलाच नको होती.

१५ जानेवारी, बुधवार

डोक्यात एक वाईट विचार आला आहे. लिहवत नाही.

साक्षी कचरूभाऊंना का टाळते?

नाही. तो माणूस तसा नाही.

पण आज त्यांनी डबा उघडून ठेचा पुढं केला तर मी घेतला नाही. त्यांनी डबा गुमान बंद केला.

१७ जानेवारी, शुक्रवार

शाळेत मॅडमच्या खोलीत शिरल्या शिरल्या विचारलं. खुर्चीवर बसले पण नाही. "कचरूभाऊंनी काही केलं का माझ्या पोरीला?"

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "न्हाई ताई. बिलकुल न्हाई. त्यांची काहीच चूक न्हाई. साक्षीला माहीत होतं तुम्ही हे विचारणार. एवढं सांगायला तिनं परवानगी दिलीय."

रडू आलं. त्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. मग रडणं थांबलं आणि राग आला. परवानगी! दोन रात्री मी उभी जळाले, आणि इथं परवानग्या चालल्या आहेत!

मॅडम म्हणाल्या, "मी तिला दर वेळी म्हणते, मम्मीला सांग. ती म्हणते सांगून उपेग न्हाई, दाखवावं लागंल. पुढच्या शुक्रवारी तुमची सुट्टी. तिच्यासोबत गाडीत बसा. तिच्या जागेवर, मागं. स्कार्फ बांधून."

मी? माझ्याच गाडीत? पॅसेंजर होऊन, तोंड लपवून? मी काय चोर आहे?

"मी पण असणार गाडीत," म्हणाल्या. "मी मागं का बसते ते बी कळंल तुम्हाला."

हो म्हणाले. का म्हणाले माहीत नाही. बाहेर येऊन स्वतःलाच शिव्या घातल्या.

येताना स्टँडवर कचरूभाऊ दिसले. मीच म्हणाले, भाऊ, ठेचा आहे का? हसले. त्यांनी डबा उघडला.

२१ जानेवारी, मंगळवार

आज साक्षी आपणहून ओट्याजवळ आली. मी थापत होते, ती भाजत होती. शाळेचं काही विचारायचं नाही! जीभ नुसती शिवशिवत होती. तिसऱ्या भाकरीला तिनंच विचारलं — "मम्मी, तुला तुझी ड्युटी आवडते?"

म्हणाले, आवडते की. माझ्या बेलशिवाय गाडी हलत नाही. रुबाब आहे का नाही?

ती हसली नाही. तिनं नुसती माझ्या दंडावर मान टेकली. भाकरी करपली.

२४ जानेवारी, शुक्रवार

मागून दुसऱ्या सीटवर साक्षी आणि मी, दोघी स्कार्फमध्ये. महजबीन मॅडम आमच्या पुढं. मशीन आज बदली कंडक्टर भारतकडं, गाडीवर कचरूभाऊ. पाठीमागं मास्तर लोक. गाडी जालन्याबाहेर पडली तसं त्यांच्यातला एक म्हणाला, "आज बाई न्हाई. कचरूचं तोंड पाह्यलं का?"

आणि सर्जेराव सर — "नवरा चाकणला, कचरू इथं. बाईचं कुठं काय अडतंय? म्हणून तर तिची ड्युटी सुटत न्हाई!" अख्खी सीट हसली.

साक्षी कानाशी म्हणाली, "रोज असंच."

रोज! आणि इथं बसवलं कोणी तिला? मी!

उठले. छताची दोरी एकदाच ओढली. एक बेल म्हणजे थांब. कचरूभाऊंनी गाडी कडेला घेतली. मॅडम उभ्या राहिल्या. माझी स्कार्फची गाठ सुटायच्या आधी साक्षीनं तिची सोडली, मागं वळली, आणि भर गाडीत म्हणाली —

"सर, मघाचं परत म्हणा. मम्मी आलीय."