संमती किंवा दाखला

३, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस मस्त गेला! दफ्तरखाना म्हणजे अंधार आणि कुबट वास असं वाटलं होतं, पण माझ्या टेबलावर छान ऊन येतं. माझ्याकडे एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचे खासगी कागद आलेत. ते वारल्यावर त्यांच्या मुलीने इथे दिले. साहेबांनी नियम समजावला: ज्या रुग्णाबद्दल लिहिलंय त्याची लेखी संमती हवी. तो हयात नसेल, तर जवळच्या नातेवाइकाने मृत्यूचा दाखला आणायचा. म्हणाले, इथे लोकांची बोलणी खावी लागतात. मी म्हटलं, घरी सासूबाई रोज सराव करून घेतात. पोट धरून हसले.

७, शुक्रवार
पहिला अर्ज. निवृत्त मास्तर, कडक इस्त्री, तोंडात खडीसाखर. मला पोरी म्हणतात. धाकट्या बहिणीबद्दलची पानं हवीत. ती डॉक्टरांकडे उपचार घ्यायची, मग घर सोडून गेली. कधीच वारली असेल म्हणाले. म्हटलं, चौकशी करते.

१२, बुधवार
बहीण जिवंत आहे! नाव बदलून राहते. डॉक्टरांच्या मुलीने पत्ता दिला. संमती मागणारं पत्र पाकिटात घातलं, तेवढ्यात मास्तर हजर. मला राहवलं नाही, आनंदाची बातमी देऊन टाकली. त्यांनी पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तेव्हा पाकीट टेबलावरच होतं. पत्ता वर.
उगाच मनाला लावून घेतेय.

१८, मंगळवार
तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक. एवढंच विचारलं, "मी आहे हे दादाला सांगितलंत?"
मी हो म्हटलं. ती म्हणाली, आईला जिन्यावरून त्यानेच ढकललं, हे तिने फक्त डॉक्टरांना सांगितलं होतं.
साहेबांनी पोलिसांना कळवलं. ते बघतो म्हणाले. घरात नुसत्या येरझाऱ्या.

२१, शुक्रवार
ती फोन उचलत नाही. पुन्हा केला. पुन्हा.

२६, बुधवार
मास्तर आले. दाखला घेऊन. घसरून पडली म्हणे.
साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. खरा आहे. पोलिस म्हणतात, अपघात. नुसत्या संशयावर अर्ज अडवता येत नाही. मास्तरांना परवा वाचायला बोलावलंय.
द्यायच्या आधी पानं वाचून तपासणं आणि प्रत्येकाखाली सही करणं माझं काम. केलं. ती खोटं बोलली नव्हती.

२८, शुक्रवार
साहेब वकिलाकडे गेलेत. वाचनकक्षात आम्ही दोघंच. मास्तर ओळीखाली बोट धरून वाचतायत. त्यांच्याकडे बघायला नको, म्हणून लिहीत बसलेय—
मास्तरांनी विचारलं, हे आणखी कुणी वाचलंय का.
मी नाही म्हटलं—
ते हसले. पानाखालच्या सहीवर बोट ठेवलं. माझ्या.
साहेबांचा फोन लागत नाही—
मास्तर उठले. दार लावलं. आतून.
मागे येऊन उभे आहेत. म्हणतात, काय लिहितेस पोरी, बघू—