भोपळ्याचे फोटो

नांदेड
पौष वद्य पंचमी, शके १८५९

ती. दादास,

सौदामिनीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. लातुरात आई, वहिनी, मुलं खुशाल असतील. मीही खुशाल होते, तुम्ही तो कॅमेरा पाठवेपर्यंत.

फाल्गुनात मला बाळंतपणाला न्यायला याल, तेव्हा आधी तो उचला, मग मला, असं लिहायला बसले होते. गिरणीचा साहेब सामान विकून गाव सोडून गेला, त्यात आमच्या ह्यांच्यासाठी तुम्हाला नेमकी हीच वस्तू दिसावी! टेबल नव्हतं का? खुर्ची नव्हती?

शाळा सुटली की कोटसुद्धा न काढता हे कॅमेऱ्याचा भाता बाहेर ओढतात आणि मला हाक मारतात. मग मी तुळशीपाशी उभी. चुलीवर पिठलं करपलं तरी हलायचं नाही. एका रोलमध्ये फोटो निघतात आठ. पहिल्या खेपेला ह्यांनी रोल पुढे सरकवलाच नाही, तेव्हा फोटोवर फोटो चढून तुळशीच्या कुंडीतून माझं डोकं उगवलं. दुसऱ्या खेपेला सगळंच पुसट. बायको आहे की ज्वारीचं पोतं, ओळखू येईना.

आणि ह्याला कारण तुम्ही, दादा. भिंगाच्या कडेचे अंतराचे आकडे म्हणजे 'हात', असं तुम्हीच छातीठोकपणे लिहिलंत. मग ह्यांनी कॅमेऱ्यापासून माझ्यापर्यंत कोपर टाकत तीन हात मोजायचे आणि आकडा तीनवर आणायचा. रोज हाच तमाशा! एकदा मी इतकी वैतागले की खटका पडायच्या आत मागे सरकून थेट ओसरीच्या पायरीवर जाऊन बसले. रोल धुऊन आला तर तेवढा एकच फोटो स्वच्छ. कपाळावरच्या आठ्यासुद्धा दिसतात. हे धावत जाऊन पायरीपर्यंत मोजून आले, तर साडेसहा हात भरले. तेव्हा कुठे ह्यांच्या डोक्यात उजेड पडला की ते आकडे मीटर नावाच्या, दोन हातांहून मोठ्या परदेशी मापाचे आहेत. तुमच्या एका शब्दापायी मी महिनाभर उन्हात उभी राहिले.

म्हटलं, आता तरी सुटले. कुठलं काय!

शुक्रवारी शाळेला सुट्टी. मी देवळातून आले तर अंगणात बाजेवर एक भोपळा आणि हे त्याच्यासमोर गुडघे टेकून. शेजारची गुरम्मा गडग्यावरून हसून हसून बेजार. म्हणाली, "काय वं बाई, मास्तर सकाळधरनं भोपळ्याला निजवून राहिले. आमटीत कवा टाकणार त्याला?"

मीही हसले. जवळ गेले आणि हसू गेलं. भोपळ्याला नानूची कुंची घातली होती.

ती माझ्या ट्रंकेत तळाशी होती, दादा. नानू गेल्यापासून मी तिला हात लावलेला नाही.

बाळ यायच्या आधी बाळासाठी चिंधीसुद्धा काढून ठेवू नये, पाळण्याला हात लावू नये, हे ह्यांना मी सांगायला हवं? मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, "हेही मूल जाणार असं धरूनच बसलात का? त्याच्या आत फोटो उरकून घ्यायचाय?"

हे कुंचीच्या नाड्या सोडत होते, त्या सुटेनात. मग खाली बघतच म्हणाले, "नानूचं तोंड मला आठवत नाही गं. कडेवर कसा बसायचा ते आठवतं, वजन आठवतं. तोंड येत नाही डोळ्यापुढे. ह्या खेपेला पहिल्या दिवसापासून मला नीट काढता यायला हवं."

मी फणकाऱ्यानं म्हटलं, "मला आठवतं." आणि आत जाऊन चूल फुंकत बसले.

भोपळ्याची भाजी केली. आम्हा दोघांनाही गेली नाही, ती गुरम्माकडे दिली.

तेव्हा दादा, कॅमेरा राहू द्या. मला न्याल तेव्हा ह्यांनाही न्या. बारशाआधी जावई येत नाहीत म्हणून आई कुरकुर करील, तिला तुम्ही समजावा. ह्यांना पहिल्या दिवशी तिथे असू द्या. माझा राग गेलेला नाही. पण असू द्या.

आता ह्यांना कळू देऊ नका असं एक लिहिते. उत्तर गुरम्माच्या पत्त्यावर पाठवा.

मी खोटं बोलले. मलाही आठवत नाही. डोळे मिटले की कुंची दिसते, आत काही दिसत नाही. आई असून मला आठवत नाही, हे कुणाला सांगू? बारशाला नानू तुमच्या मांडीवर होता. नाक आपल्या घरचं आहे, असं तुम्ही तेव्हा म्हणाला होतात. कसं होतं ते? आठवत असेल तर सगळं लिहा. आठवत नसेल तरी काहीतरी लिहा, मी खरं मानीन.

तुमची,
सौदामिनी