जाळाशिवायचा चहा

बिलोली, ५ डिसेंबर २०२४

ती. अण्णास,
अंबिकाचे शरणु शरणार्थ.

कानाचं यंत्र काढून ठेवून फोन उचलता, म्हणून पत्र लिहिते आहे.

मागच्या आठवड्यात आठवीला रासायनिक अभिक्रियेतून ऊर्जा कशी मिळते ते शिकवलं. पातेल्यात चुनकळी घेऊन पाणी ओतलं, मधे चहाचा पेला ठेवला. जाळाशिवाय चहा कढत झाला. पोरं हरखली! त्यातल्या रेणुकाला वाटलं, कापूस वेचणाऱ्या आईला रानात असाच चहा द्यावा. तिनं चुनकळी आणि पाणी डब्यात घालून झाकण गच्च लावलं. डबा उडाला, चुना डोळ्यात गेला. ती नांदेडला दवाखान्यात आहे.

सोळा तारखेला चौकशी आहे. झाकण लावू नका असं बजावलं होतं, एवढं सांगा, असं हेडसर म्हणतात. मी बजावलं नव्हतं. उलट उष्णता बाहेर निसटू देऊ नये, हे मीच शिकवलं. अण्णा, काय करू?

माया आहेच, ती असू द्या.
तुमची अंबिका

लातूर, ९ डिसेंबर २०२४

चि. अंबिकास,
अनेक आशीर्वाद.

यंत्र लावलं की तुझ्या वहिनीचं सगळं ऐकू येतं, म्हणून ते कपाटात असतं.

पत्र दोनदा वाचलं. वेडेपणा करू नकोस. नोकरी घालवून पोरीचा डोळा परत येणार आहे का? हेडसर म्हणतात तेच सांग. मी तुला लई शहाणपणा शिकवायलोय, असं वहिनीचं म्हणणं. तिचं मनावर घेऊ नकोस.

तब्येतीला जप, खुशाली कळव.
अमरेश

बिलोली, २ जानेवारी २०२५

ती. अण्णास,
शरणु शरणार्थ.

तुमचं ऐकायचं ठरवूनच चौकशीला गेले होते. चौकशी दवाखान्यातच, रेणुकाच्या खाटेपाशी झाली. साहेबांनी आधी तिला विचारलं. मॅडमनी झाकण लावायचं न्हाई म्हणून सांगितलं होतं, चूक माझीच हाय, असं ती म्हणाली. कुणी पढवलं नव्हतं, आपणहून बोलली. आईनं तिथंच तिच्या पाठीत धपाटा घातला. मग मला राहवलं नाही. पोर खोटं बोलते आहे, मी असं काही सांगितलं नव्हतं, हे मी सांगून टाकलं.

निलंबनाचा कागद आला. रागावू नका.

काल तिच्या दोन्ही डोळ्यांवरची पट्टी सुटायची होती, म्हणून नांदेडला गेले. पोचले तेव्हा डॉक्टर पट्टी सोडतच होते, मी खाटेजवळ उभी राहिले. डोळे उघडण्याआधी डॉक्टरांनी तिला डावा डोळा झाकायला सांगितला. तिनं तो झाकला, उजवा उघडून माझ्याकडे रोखला आणि मॅडम येणार होत्या, आल्या न्हाईत का, असं आईला विचारलं.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया कमी करू नका.
अंबिका